कॉलेजच्या हॉकी टीमला फॉरवर्ड आणायचे कुठून?

प्रश्न: सोलापुरातल्या एका कॉलेजची टीम बघतो मी. डिफेन्स बरा आहे, गोलकीपर पोरगं तर जिवावर उदार होऊन अडवतंय, पण पाच मॅचमध्ये दोनच गोल आणि तेपण समोरच्यांच्या चुकीमुळं मिळालेल्या पेनल्टी कॉर्नरवर. बॉल डीपर्यंत, म्हणजे गोलसमोरच्या अर्धगोलापर्यंत जातो, पुढं मारायलाच कोणी नाही. चांगली पोरं बारावीनंतर पुण्याला जातात. काय करू?

उत्तर १: बारावीच्या निकालाची वाट बघत बसलात तर पोरगं गेलंच म्हणून समजा, आत्तापासून शाळांच्या मॅचला जाऊन बसा. गोल किती मारले ते विचारू नका, बॉल नसताना कुठं पळतो ते बघा. गोल १४.६३ मीटरच्या डीतूनच धरतात, तिथं बॉल थांबवून, मान वर करून, मग मारणारा कामाचा नाही, आला की ढकलणारा पाहिजे.

उत्तर २: आणि घरी जाऊन आईवडिलांशी बोला हो! मला सरांनी फी आणि होस्टेलचं तिथंच सांगितलं, घरचे लगेच तयार झाले. त्यांना सांगा, धनराज पिल्लेपण पुण्याजवळच्या खडकीतनंच चार ऑलिम्पिकपर्यंत गेले की.

उत्तर ३: तोवर आहे त्यातला एखादा चपळ हाफ, म्हणजे मधल्या फळीतला पोरगा, पुढं खेळवून बघा. रोज रिव्हर्सनं, म्हणजे स्टिक उलटी फिरवून, पन्नास शॉट मारायला लावा, आमचा राइट-इन (उजवीकडचा आतला फॉरवर्ड) असाच तयार झालेला.

प्रश्नकर्ता: आमचा लेफ्ट-हाफ पळतो खरा. उद्या सकाळीच त्याला पुढं उभा करतो.