मदत हवी आहे: बचत गटातला विश्वास मोजला, पण तो गटाचा आहे का?

नमस्कार मंडळी. समाजकार्यात पीएचडी करतेय. ४२ महिला बचत गट, प्रत्येकातून ६ जणी, म्हणजे २५२ फॉर्म. ‘परस्पर विश्वास’ यावर ८ विधानं, उत्तरं १ ते ५. क्रॉनबॅक अल्फा (आठही विधानांची उत्तरं एकमेकांशी किती जुळतात त्याचा आकडा) ०.८४ आला म्हणून निर्धास्त होते. सादरीकरणात परीक्षक म्हणाले, “ही बायकांच्या उत्तरांची विश्वसनीयता झाली. गटाची कुठाय?” मी गप्प.

घरी येऊन काढलं. आयसीसी-१ (उत्तरांतला किती फरक गटागटांमुळे आहे) ०.१२, आयसीसी-२ (गटाची सरासरी किती भरवशाची आहे) ०.४५. विधानागणिक आरडब्ल्यूजी (एकाच गटातल्या जणींचं किती एकमत आहे) मात्र सरासरी ०.७८. एक आकडा म्हणतो गटात एकमत आहे, दुसरा म्हणतो गटाच्या सरासरीवर विसंबू नका. कुणाचं ऐकू? (फॉर्म बैठकीतच, अध्यक्षांसमोर भरून घेतले, तेही सांगून टाकते.)

प्रतिसाद १:
ताई, खरी गोम कंसात आहे! आरडब्ल्यूजी फक्त गटाच्या आत बघतो, आयसीसी गटागटांत फरक आहे का तेही बघतो. अध्यक्षांसमोर सगळ्याच जणी ४-५ वर खूण करणार. मग आत एकमत दिसतं आणि ४२ गट एकसारखेच दिसतात. शिवाय आरडब्ल्यूजी काढताना, एकमत नसेल तर उत्तरं १ ते ५ वर सारखी विखुरतील असं धरून तुलनेचा व्हेरिअन्स (विखुरण्याचं माप) २ घेतला असणार. उत्तरांचा एका बाजूला थोडा कल धरून १.३४ घ्या, ०.७८ चा ०.६७ होतो.

माणसं वाढवून आयसीसी-२ वाढतो, पण तुमच्या ०.१२ वर ११ जणी घेतल्या तरी ०.६०. सहसा पुरेसा धरतात त्या ०.७० साठी १७-१८ लागतील, एवढ्या कितीशा गटांत असतात?

विधानं कशी आहेत? “मला विश्वास वाटतो” की “आमच्या गटात एकमेकींवर विश्वास आहे”? संशोधक चॅन यांनी १९९८ मध्ये हाच फरक मांडलाय. आणि सप्रमाणतेसाठी (जे मोजायचं तेच मोजलंय का ते बघायला) गटाची वही उघडा: हजेरी, परतफेड. तो सहसंबंध ४२ गटांवर काढायचा, २५२ वर नाही.

धागाकर्ती:
आठही विधानं ‘मला’वालीच 🙈 काही गटांत घरोघरी जाऊन ‘आमच्या गटात’ असं विचारते. जुने फॉर्म फेकू?

प्रतिसाद १:
अजिबात नको. व्यक्तीच्या पातळीवर चालतील, बहुस्तरीय मॉडेलमध्ये (व्यक्ती आणि गट दोन्ही पातळ्या एकत्र धरणाऱ्या) घाला. फक्त शब्द आणि जागा दोन्ही एकदम बदलू नका. अर्ध्या गटांत जुनी विधानं घरी विचारा, अर्ध्यांत नवी. नाहीतर फरक कशाने पडला ते कळायचं नाही, आणि परीक्षक तेच विचारतील.