प्रतिसाद: ध्येयवादी, आदर्शवादी आणि स्वप्नाळू

'ध्येयवादी आणि आदर्शवादी एकच, हवा तो शब्द वापरा' हे या शब्दांवरच्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय ते पटलं नाही. ध्येयवादी माणूस कामाला लागलेला असतो. म्हणून निरोप समारंभात 'ध्येयवादी शिक्षक' ऐकू येतं आणि ते निखळ कौतुक असतं. 'तो जरा जास्तच आदर्शवादी आहे' यात मात्र हलकीशी कुरकुर ऐकू येते, पोरगं व्यवहारात टिकणार नाही अशी. स्वप्नाळू त्याच्याही पलीकडे. आणि 'भाबडा' हे विशेषण बघा, ते आशावादाला सहज चिकटतं, आदर्शवादालाही चालतं, पण 'भाबडा ध्येयवाद' कानाला खटकतो.

एक मुद्दा चर्चेत आलाच नाही. तत्त्वज्ञानातल्या 'आयडियालिझम'साठीही काही जण सरसकट आदर्शवाद लिहितात, आणि वाचणारा गोंधळतो. तत्त्वज्ञ बर्कलीचं म्हणणं असं, की वस्तूंचं असणं म्हणजे कुणाच्या तरी जाणिवेत असणं. यात उच्च नीतिमूल्यं, त्याग वगैरे काहीच नाही! तिथे मूळ 'आयडिया' म्हणजे कल्पना, 'आयडियल' म्हणजे आदर्श नव्हे. त्यासाठी मराठीत 'चिद्वाद' (चित् म्हणजे जाणीव) हा नेमका शब्द आहे, जरा जड असला तरी. मार्क्सवर लिहिताना तर तो हवाच. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलचा चिद्वाद त्याने नाकारला, पण म्हणून तो ध्येयशून्य होता असं कोण म्हणेल? 'आदर्शवादाचा विरोधक' असं लिहिलं, की नेमका तोच अर्थ निघतो.