बाळाचा डोळा सतत पाणावतो, मालिश नेमकी कुठे करायची?

कणकवलीची आई: बाळ साडेतीन महिन्यांचं. उजव्या डोळ्यातून जन्मापासून पाणी गळतं, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतात. डोळा लाल नाही. अश्रुनलिका बंद आहे, मालिश करा असं डॉक्टर म्हणाले. नाकाच्या कडेने बोट फिरवतो, पण फरक नाही. सासूबाई काजळ घाल म्हणतात, न्हाऊ घालणाऱ्या आजी नाकात खोबरेल सोडतात.

नेत्रसहाय्यक, सावंतवाडी: नुसतं बोट फिरवून कातडीच चोळली जाते. नलिका नाकात उघडते तिथे पातळ पडदा राहिलेला असतो; वर, डोळ्याच्या कोपऱ्याशी असलेल्या अश्रूंच्या पिशवीतल्या पाण्याचा दाब देऊन तो फोडायचा असतो. नख कापा, हात धुवा. डोळ्याचा आतला कोपरा आणि नाकाचं हाड यांच्या खाचेत बोटाचं टोक ठेवून आत दाबा. त्याने पाणी डोळ्याकडे परतायची वाट बंद होते. दाब न सोडता बोट नाकाच्या कडेने सेंटीमीटरभर खाली सरकवा. एका वेळी ५ ते १०, दिवसातून ३-४ वेळा. दूध पाजताना सोपं जातं. बाळ जरा कुरकुरेल, तेवढा दाब लागतोच.

बालरोग परिचारिका, चिपळूण: काजळ नको, काही काजळांत शिसं असतं. खोबरेल तर आजच बंद करा. ते पडद्यापर्यंत पोचत नाही, श्वासातून फुप्फुसात मात्र जाऊ शकतं. अँटिबायोटिक थेंबांनी नलिका उघडत नाही, पू वाढला तरच डॉक्टर देतात. दुकानातून आपल्या मनाने आणूच नका. बाटलीवर डेक्सामेथासोन असेल तर ते स्टेरॉइड आहे.

कणकवलीची आई: आत्ता तसं दाबलं तर कोपऱ्यातून पांढरट चिकट वर आलं. काही चुकलं का?

नेत्रसहाय्यक, सावंतवाडी: नाही, बोट पिशवीवरच पडलंय. उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने पुसा, दर वेळी नवा बोळा.

साधारण दहातली नऊ बाळं वर्षाच्या आत बरी होतात. नाहीच झालं तर वर्षाच्या आसपास प्रोबिंग, म्हणजे भूल देऊन बारीक सळई घालून पडदा उघडतात. लहान बाळाला भूल देणारे डॉक्टर जिथे आहेत तिथेच करा, जवळ पडतं म्हणून कुठेही नको.

पण कोपऱ्याशी लाल, गरम सूज आली किंवा ताप आला तर मालिश थांबवून त्याच दिवशी दवाखाना. आणि बाळ उजेडात डोळे घट्ट मिटत असेल, बुबुळ मोठं किंवा धुरकट दिसत असेल, तर नलिकेचं समजून थांबू नका. तो जन्मजात काचबिंदू असू शकतो, आणि त्यात उशीर झाला तर नजर जाते.