जिनिव्हाआधी कोल्हापूर

‘टूनन निकालाच्या आधारे सोलापूरचा माणूसही थेट जिनिव्हात तक्रार करू शकतो’ हे विधान कानावर येतं, पण ते चुकीचं आहे. ऑस्ट्रेलियातल्या टूनन यांच्या तक्रारीवर संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९४ मध्ये समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा कायदा हक्कभंग मानला. तो निकाल मोलाचाच, पण ती तक्रार नागरी-राजकीय हक्क कराराच्या ऐच्छिक प्रोटोकॉलखाली, म्हणजे वैयक्तिक तक्रारीची वाट देणाऱ्या जोडकराराखाली होती. भारताने करार १९७९ मध्ये स्वीकारला, प्रोटोकॉल स्वीकारलेला नाही. म्हणून समिती आपली वैयक्तिक तक्रार दाखलच करून घेत नाही. लैंगिक कल व लिंगओळख या विषयासाठी संयुक्त राष्ट्रांनी २०१६ पासून नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांकडे लिहिता येतं, आधी इथली न्यायालयं पालथी घालायची अटही नाही. मात्र ते सरकारला पत्र पाठवतात, आदेश देत नाहीत.

आदेश हवा तर राज्यघटनेच्या कलम २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका. सोलापूरसाठी ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे. याचिकेत नुसती योग्याकार्ता तत्त्वं (लैंगिक कल व लिंगओळखीच्या हक्कांबद्दल तज्ज्ञांनी मांडलेली) मांडू नका, ती म्हणजे करार नव्हे. ती उचलून धरणारा सर्वोच्च न्यायालयाचा तृतीयपंथीयांच्या हक्कांवरचा २०१४ चा नालसा निकाल सोबत हवाच.