एक ना धड भाराभर चिंध्या? बाहुल्या शिवणाऱ्या, भिंती रंगवणाऱ्या इलस्ट्रेटरबद्दल

रेघोट्या:
काल एकाने लिहिलं, इलस्ट्रेटरने, म्हणजे पुस्तकांसाठी चित्रं काढणाऱ्याने, पुस्तकांचीच चित्रं काढावीत, बाहुल्या, मुखवटे, भिंती म्हणजे कामातून पळ काढणं, एक ना धड भाराभर चिंध्या. रात्रभर डोक्यात घोळत राहिलं म्हणून लिहितेय. माझा एक कोल्हा आहे, चार पुस्तकं झाली त्याची. मग कापडाचा शिवायला घेतला आणि कळलं की त्याची मान मागून कशी दिसते हेच मला माहीत नाही, चारही पुस्तकांत तो जरासा तिरका आणि समोरूनच! दोन बाजू जोडल्या तर चपटा मासा झाला, पोटाखाली कळी (कापडाची जोडपट्टी) घातली तेव्हा कुठे उभा राहिला, मानेत कापूस कमी पडला तर मान लुळी. पाचव्या पुस्तकात तो पाठमोरा चालत जातो आणि ते माझं सगळ्यात चांगलं पान आहे. हा पळ आहे?

कोरा_कागद:
मीच लिहिलं होतं आणि अजूनही तेच म्हणतो. माझ्याबरोबर एक जण होती, काय हात होता तिचा, शाईची रेघ बघत राहावी. आधी मातीची खेळणी, मग स्टेन्सिल, मग मुखवटे. पुस्तकाची डेडलाइन तीनदा चुकली, काम दुसऱ्याकडे गेलं. घरभर अर्धवट गोष्टी, पूर्ण पुस्तक एकही नाही. मला राग नाही हो, वाईट वाटतं.

तारवाला:
मग अमेरिकन शिल्पकार अलेक्झांडर काल्डरचं काय? नियतकालिकासाठी चित्रं काढायचा, १९२५ मध्ये सर्कशीची स्केचेस करायला गेला आणि पुढच्या वर्षी पॅरिसमध्ये तार, बूच, चिंध्या जोडून अख्खी खेळण्यातली सर्कस बनवायला लागला, स्वतः हाताने खेळवून लोकांना दाखवायचा. हवेवर हलणारी ती मोबाइल शिल्पं पुढची. चित्रकार पॉल क्लेने मुलासाठी पन्नासेक हातबाहुल्या केल्या, एक तर काड्यापेटीची.

भिंत_माझी:
बाहुल्या करा हो, कुणाचं काय जातं. भिंतींचं बोला. माझ्या कंपाउंडवर कुणीतरी खळीने हे मोठं कागदी चित्र चिकटवून गेलं. सुंदर होतं, नाही म्हणत नाही. पावसात अर्धं लोंबलं, उरलेलं खरवडताना खालचा रंग निघाला, दोन रविवार गेले. विचारायला काय झालं होतं?

खडू:
विचारून केलं की ती जाहिरात होते. चित्रकार कीथ हॅरिंगने १९८० पासून न्यूयॉर्कच्या सबवेत (भुयारी रेल्वेत) जाहिरातींच्या रिकाम्या जागांवरच्या काळ्या कागदावर खडूने चित्रं काढली, अटकही झाली. परवानगीची वाट बघत बसला असता तर?

भिंत_माझी:
खडूने! आणि तेही ज्यावर नवी जाहिरात चिकटणारच होती अशा कागदावर! माझ्या भिंतीशी त्याचा काय संबंध? स्वतःच्या घरावर करा ना, माझंच घर का?

खडू:
तुमच्यासारख्यांमुळेच सगळी शहरं राखाडी आहेत.

भिंत_माझी:
खरवडायला या मग.

रेघोट्या:
खडू, इथे ते बरोबर आहेत. मी भिंती रंगवते, पण मालकाला विचारून. त्यानेही चित्राचं काही बिघडत नाही. कागदावर जी बारीक रेघ मला प्रिय ती आठ फुटांवरून दिसतच नाही, चौकटी आखून, मनगटाऐवजी अख्खा खांदा फिरवून रेघ ओढावी लागते. त्यानंतर माझी पुस्तकातली रेघ धीट झाली.

कोरा_कागद:
ठीक, कोल्ह्याचं मान्य. कारण तो परत पुस्तकात आला. जे परत येत नाही त्याचं काय?

रेघोट्या:
नाही आलं तर नाही आलं. क्लेच्या त्या बाहुल्या कुठे चित्रांसाठी होत्या, मुलाला खेळायला होत्या. तुमच्या मैत्रिणीचं मला खरंच वाईट वाटलं. पण ती मुखवटे करताना खूश होती का, हे तिला कधी विचारलंत?

कोरा_कागद:
नाही विचारलं. फोन करतो. पण पुस्तकाबद्दलही विचारणारच.