विहिरीवरचं दोन चाकांचं जुनं ऑइल इंजिन जाम झालंय, चालू होईल का?

मळेकरी
नमस्कार मंडळी. आमच्या मळ्यात विहिरीवरच्या खोलीत आजोबांच्या वेळचं एक ऑइल इंजिन पडून आहे, उभं, एक सिलिंडर, दोन्ही बाजूंना आऱ्यांची मोठी बिडाची चाकं. लाइट आली, मोटर बसली, तेव्हापासून त्याला कुणी हात लावलेला नाही. पत्रे गळतात, सायलेन्सर कधीच कुणीतरी पळवलाय, त्यामुळे पाणी आत गेलं असणारच. हँडल घालून दोघांनी जोर लावला तरी तसूभर हलत नाही. नावाची पट्टी नाही, नुसती रिव्हेटची भोकं. घरात सगळे लिस्टर म्हणतात, पण आमच्या भागात असल्या सगळ्याच इंजिनांना लिस्टर म्हणायचे. भंगारवाला चकरा मारतोय आणि चुलत्यांचं मन त्याच्याकडे झुकलंय म्हणून घाई आहे. मला त्यावर पाणी उपसायचं नाहीये, नुसतं पुक पुक करत चाललं तरी बास. हे नक्की कुठलं, आणि सुरुवात कुठून करू?

बिडाचा_माणूस
आधी भंगारवाल्याला वाटेला लावा राव, किलोवर विकायची वस्तू नाही ही.

आता जामचं. चाकाच्या आऱ्यात पहार घालून जोर लावू नका, प्लीज. बीड वाकत नाही, सरळ तुटतं, आणि आरा तुटला की ते चाक संपलं, वेल्डिंग करून परत फिरवायला मी तरी जवळ उभा राहणार नाही. नोझल (सिलिंडरात डिझेल फवारणारा भाग) काढा, त्या भोकातून डिझेल आणि ऑटोचं गिअर ऑइल वगैरे जे असेल ते पातळ करून ओता आणि विसरून जा, आठवडा, पंधरवडा, मधेमधे भर घालत राहा. तेवढ्यात क्रँककेसचं (इंजिनाच्या खालच्या तेलाच्या पेटीचं) झाकण उघडून खालचा गाळ काढा. वरचं तेल बघून फसू नका, तळाला शिऱ्यासारखा थर बसलेला असतो, तो हाताने खरवडूनच निघतो. या इंजिनांना कनेक्टिंग रॉडच्या खालचा चमचा तेलात बुडून वर तेल उडवतो, त्यामुळे गाळ राहिला तर तोच गाळ बेअरिंगला जाणार.

तरी नाही सुटलं तर हेड काढा, रॉड खालून मोकळा करा आणि पिस्टनवर लाकडाचा ठोकळा ठेवून हलके ठोके द्या. लोखंडाचा हातोडा थेट नाही. लायनर, म्हणजे सिलिंडरची आतली नळी, गंजून खड्डे पडले असतील तर नवा लायनर, पिस्टन, रिंगा मिळतात, राजकोटचा माल कुठल्याही जुन्या ऑइल इंजिनच्या दुकानात विचारा. लेथवाल्याकडे जाताना एक लक्षात ठेवा, यातले बरेच बोल्ट सुतातले, म्हणजे इंचाच्या मापाचे आहेत, मिलिमीटरचे पाने लावून डोकी गोल करू नका.

सेव्हर्नकाठ
मी इंग्लंडात ग्लॉस्टरशायरला असतो, डर्स्ली इथून जवळच, जिथे लिस्टरचा मूळ कारखाना होता (कंपनी १८६७ची). तुम्ही सांगताय ते वर्णन लिस्टर सीएस मॉडेलचं आहे. सीएस म्हणजे कोल्ड स्टार्ट, १९३०च्या आसपास आलं, आधी ५ हॉर्सपॉवर ६०० आरपीएमला, नंतरचं ६ हॉर्सपॉवर ६५० आरपीएमला. त्याच नमुन्यावर राजकोटला बेसुमार इंजिनं बनली आणि ती पुढे अमेरिका-ऑस्ट्रेलियापर्यंत गेली, तिकडचे हौशी लोक त्यांना लिस्टरॉइड म्हणतात.

ओळखायचं कसं, तर झाकणावर ओतीव अक्षरात लिस्टर आणि डर्स्ली आहे का बघा. हेडच्या बाजूला फिरवायचं छोटं चाक असेल, चालू करताना कॉम्प्रेशन वाढवायचं, तर जुनं असण्याची शक्यता जास्त. मुख्य बेअरिंग बघा, डर्स्लीवाल्यात टेपर रोलर, राजकोटवाल्यात रोलरही असतात आणि बुशही (नुसती धातूची गोल नळी, रोलर नाहीत). इतकं करूनही खात्री होईलच असं नाही, कारण आपल्याकडे एकाचं हेड दुसऱ्याला बसवून वर्षानुवर्षं चालवलेलं असतं.

रंगाची घाई मात्र करू नका. इथे उन्हाळ्यात अशा इंजिनांचे मेळावे भरतात, तिथे काही इंजिनं नवरीसारखी नटवलेली असतात आणि काही जुन्या, उडालेल्या हिरव्या रंगातच नुसती तेल पुसून ठेवलेली. मी तरी दुसऱ्यांपाशीच जास्त वेळ उभा राहतो.

नोझल_पंप
वरच्यांनी सगळं सांगितलं पण जिवाचं कुणी बोललं नाही. चालू करायच्या आधी चाकांच्या चाव्या, म्हणजे चाक शाफ्टला घट्ट धरणाऱ्या पाचरी बघा. चावी ढिली असेल तर चाक टकटक वाजतं, आणि तसंच चालवलं तर चाक सुटूनही येऊ शकतं. अख्खं इंजिन तीनशे किलोच्या वर जातं, त्यात बरंचसं वजन या चाकांचं, चेष्टा नाही. दुसरं, डिझेल पंपाचा रॅक (डिझेल कमी-जास्त करणारी दांडी) बोटाने सरकतो का बघा. वर्षानुवर्षं पडलेल्या पंपात डिझेलचा डिंक होतो, रॅक फुल्लवर अडकला की वेग आवरणारा गव्हर्नर काही करू शकत नाही आणि इंजिन पळत सुटतं. पहिल्यांदा चालू करताना एकाला हवेच्या तोंडाशी फळी घेऊन उभं करा, पळालं की तोंड दाबून टाकायचं. फळीनेच, हाताने नाही.

नोझल बाहेर चेक करताना फवाऱ्यासमोर बोट नेऊ नका, कातडी भेदून आत जातो. डिझेल फवारायचं टायमिंग पिस्टन अगदी वर पोचायच्या साधारण २० अंश आधी, म्हणजे चाकाच्या घेराचा अठरावा भाग, दोरी गुंडाळून मोजा आणि खडूने खूण करा, प्रोट्रॅक्टर बिट्रॅक्टर काही नको. आणि हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला.

मळेकरी
सगळ्यांचे आभार. झाकण उघडलं, अक्षरं काहीच नाहीत, बेअरिंग बुशचं दिसतंय, म्हणजे राजकोटचंच धरून चालतो. तळाला शिरा निघालाच, त्यात मूठभर वाळूपण होती?? चुलते अजून कुरकुरतायत पण भंगारवाल्याला नाही म्हणून सांगितलंय. अजून एक, पूर्वी पंपाच्या पाइपातूनच बारीक नळी इंजिनाला असायची आणि गरम पाणी पाटात पडायचं, आम्ही पोरं थंडीत तिथेच अंघोळ करायचो. आता पंप नाही तर पाण्याचं काय करू?

बिडाचा_माणूस
वाळू म्हणजे ओतकामातली राहिलेली, बऱ्याच इंजिनांत निघते. आतून वायर ब्रश मारून रॉकेलने धुवा, पुसा, परत धुवा. बुश असेल तर त्यांची तेलाची भोकंपण तारेने मोकळी करा.

पाण्याला दोनशे लिटरचा ड्रम बास. इंजिनापेक्षा उंच ठेवा, खालच्या नळीने थंड पाणी जॅकेटला (सिलिंडरभोवतीच्या पाण्याच्या पोकळीला), हेडवरून निघालेलं गरम ड्रमच्या वरच्या भागात, आपोआप फिरतं, पंप लागत नाही. फक्त वरच्या नळीच्या तोंडापेक्षा पाणी खाली जाऊ देऊ नका. झाकणाचा आणि बुशचा फोटो टाका.