एसटीएस केलं की पेपर होतोच का?
एसटीएस (शॉर्ट टर्म स्टुडंटशिप) मिळालं की पेपर, म्हणजे शोधनिबंध, आपोआप होतो असं काही जण म्हणतात, ते पटत नाही. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) वैद्यकीय विद्यार्थ्यांसाठीची ही संशोधन शिष्यवृत्ती जेमतेम दोन महिन्यांची, आणि गाडी अडते ती एथिक्स कमिटीपाशी, म्हणजे रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणाऱ्या कॉलेजच्या समितीपाशी. मंजुरी लांबली की रुग्ण गोळा करायला वेळच उरत नाही. म्हणून एथिक्सचा अर्ज प्रस्तावासोबतच टाका. ओपीडीच्या रजिस्टरमध्ये आठवड्याला तुमच्या अभ्यासात बसणारे किती रुग्ण दिसतात ते मोजा, मगच प्रस्तावात नमुन्याचा आकडा (किती रुग्ण घेणार ते) लिहा. लेखकांचा क्रमही गाइडशी आधीच लेखी ठरवा. यावरून फार मनं दुखावतात.

रिपोर्ट मंजूर झाला की बरेच जण फाइल मिटतात, कारण नीट-पीजीच्या (एमडी-एमएसच्या प्रवेश परीक्षेच्या) गुणवत्ता यादीत पेपरला गुण नाहीत. अमेरिकेत रेसिडेन्सी (पदव्युत्तर प्रशिक्षणाची जागा) हवी असेल तर मात्र थांबू नका. २०२२ पासून तिथल्या डॉक्टरी परवाना परीक्षेची (यूएसएमएलई) स्टेप १ फक्त पास-नापास आहे, त्यामुळे संशोधनाकडे जास्त पाहिलं जातं.